पारोळ्याचा डबा

या वेळचं पत्र जळगावहून आलंय. चार पानं, पाठपोट, शेवटच्या पानाच्या समासातसुद्धा मजकूर. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मधलं मधलं घेते. चौघी मैत्रिणी, अमळनेरच्या एका शाळेत पाचवीपासून एकत्र, दहावी १९९२ ची. आज एक जळगावात (पत्र हिचंच), एक पुण्यात, एक शहाद्याला आणि एक पारोळ्याला. नावं देत नाही, गावांवरूनच ओळखू. नाहीतरी लग्न झालं की आपल्याकडे माहेरची माणसंही ‘पारोळ्याची आली का’ असंच विचारतात.

डिसेंबरातल्या एका रविवारी नवरे-मुलं घरी ठेवून चौघी जमल्या. पुढचं तिच्याच शब्दांत:

“आक्का, सकाळी गाडी करून पद्मालयला गेलो. शाळेची सहल गेली होती तेव्हापासून एकाच गाभाऱ्यातले ते डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती डोक्यात होते. तळ्याच्या पायरीवर तासभर बसलो, इतकं हसलो की पुजारी बघायला लागला. दुपारी आसोद्याला माझ्या दिरांच्या मळ्यात भरीत. पारोळ्याची घरून कळण्याचं पीठ आणि डबाभर बिबडे घेऊन आली होती. जेवताना ती म्हणाली, ‘आमच्या अण्णांना भरितात शेंगदाणे चालायचे नाहीत.’ मग शहाद्याचीने ठेचा मागितला आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.

संध्याकाळी साडेसहाचा सिनेमा मी ठरवला होता. खुनाचं रहस्य आहे, शेवट कळत नाही, एवढंच ऐकलं होतं. एका गावातली पतसंस्था बुडते, मॅनेजरचा खून होतो, पोलीस शोध घेतात. शेवटी खुनी निघतो सायकलवरून दारोदार पिग्मी (रोजची बारीकशी बचत) गोळा करणारा म्हातारा. पैसेही त्यानेच खाल्लेले. तो पकडला गेला तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या. पुण्याची जोरात म्हणाली, ‘म्हातारा काही कमी नही व्हता वं!’ आमची अख्खी रांग हसली. मीही हसले.

दिवे लागले तेव्हा पारोळ्याची उभीच होती. रात्री ती माझ्याकडे राहणार होती. म्हणाली, ‘धुळ्याची गाडी आहे आत्ता, निघते.’ मी स्टँडवर सोडते म्हटलं तर रिक्षा केली. डबा माझ्याच घरी राहिला. तीन आठवडे झाले, ग्रुपवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

आक्का, तिचे वडील आमच्या गावात पिग्मी गोळा करायचे. २००८ साली ती पतसंस्था बुडाली. लोक त्यांच्या दारात गेले. पोलिसांनी तीन दिवस बोलावलं, गुन्हा काही लागला नाही. पाच-सहा वर्षांनी ते वारले. काही जण म्हणतात, त्यांनी प्लॉट विकून काहींचे पैसे फेडले. खरं-खोटं माहीत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही हा विषय कधीच काढला नाही. माझ्या वडिलांचेही चाळीस हजार त्यात गेले, पण ते असो. सिनेमा मी निवडला, चूक माझीच. ग्रुपवर सगळ्यांसमोर माफी मागू का? मिस्टर म्हणतात, खपली काढू नकोस. पुण्याची म्हणते, सिनेमा तो सिनेमा, तिनेच एवढं मनावर घ्यायला नको होतं.”

तू मला आक्का म्हटलंस, तेव्हा मी तुला तूच म्हणणार.

आधी सिनेमाचं निकालात काढू. तो निवडल्याबद्दल माफी मागू नकोस. खुनी कोण हे आधी कळू नये म्हणून तर माणसं तिकीट काढतात, तुला कुठून कळणार? सिनेमावरचं प्रमाणपत्र वय सांगतं, आता त्यात सात, तेरा, सोळा अशा पायऱ्याही आल्यात. पडद्यावरचा म्हातारा प्रेक्षकांतल्या कुणाच्या वडिलांसारखा दिसेल, हे कुठलं मंडळ सांगणार? आणि ग्रुपवर तू ‘सॉरी गं’ लिहिलंस की ती ‘अगं काही नाही’ लिहिणार, शहाद्याची दोन हात जोडलेले टाकणार, पुण्याची एक फूल टाकणार, आणि झालं. विषय कायमचा बंद. तुला तेच हवं असेल तर मला पत्र कशाला लिहिलंस?

मला गुन्हेगारीपट आवडतात, हेही सांगून टाकते. आवडतात म्हणूनच एक जुनी गोष्ट आठवली. मी धुळ्याला कॉलेजात असताना आम्ही हॉस्टेलच्या पाच-सहा मुली ‘अर्धसत्य’ बघायला गेलो होतो. सिनेमा १९८३ चा, आम्ही पाहिला त्याच्या पुढच्या वर्षी. जायचं खरं कारण स्मिता पाटील. घराणं शिरपूरचं, म्हणजे आमच्या लेखी ती घरचीच मुलगी. परत येताना आम्ही सगळ्या त्या फौजदाराने कोठडीत केलेल्या मारहाणीवर बोलत होतो, तो बरोबर की चूक, अशी रस्ताभर भांडणं. आमच्यातली एक गप्प होती. जेवलीही नाही. रक्त बघून घाबरली असेल म्हणून आम्ही तिची थट्टा केली. पुढे दोन वर्षांनी तिनं मला सांगितलं. तिचे वडील हवालदार होते. त्या सिनेमात नायकाचा बापही पोलिसातला, बायकोला मारणारा. आम्ही कोठडीतला खून बघत होतो, ती तेवढा वेळ त्या बापाकडे बघत होती. त्या रात्री मी तिला एवढंच विचारलं होतं, ‘भाकरी तरी खाते का?’ आजही ते आठवलं की माझे मलाच कानकोंडं व्हायला होतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सिनेमाचंच वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना दोन ठिकाणी थांबले.

पहिलं ठिकाण मळ्यातलं. ‘आमच्या अण्णांना भरितात शेंगदाणे चालायचे नाहीत.’ (माझंही मत अण्णांच्याच बाजूचं. आपल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण शेंगदाणे घालावेत की नाही हा वाद काही त्यानं मिटला नाही.) बघ, अण्णांचं नाव तिनं स्वतःहून काढलं. किती वर्षांनी काढलं ते तूच आठव. आल्यापासून गप्पा चालल्यात, चौघींचीच मैफल, ऊन उतरलंय, धुरानं डोळे चुरचुरतायत, हातात कळण्याची भाकरी आहे, अशा वेळी माणूस आपल्या मेलेल्या बापाची आठवण सहज काढतो. आणि काढून बघतोही, की कुणी ती झेलतंय का. तिघींपैकी एकीनं जरी ‘मग काय घालायचे गं अण्णा?’ एवढं विचारलं असतं, तरी ती दहा मिनिटं बोलली असती. तुम्ही ठेचा पुढे सरकवलात. मुद्दाम नाही, मला माहीत आहे. तुम्हाला सवयच लागली होती, अण्णांचा विषय निघाला की हळूच बाजूला जायचं.

त्यानंतर चार तासांनी तिनं तो सिनेमा पाहिला. सिनेमा तसाच्या तसा ठेव आणि मळ्यातली ती दहा मिनिटं तेवढी बदल. मला नाही वाटत ती रिक्षा करून निघून गेली असती. वाईट वाटलं असतं, पण तुझ्याच घरी, तुझ्याच गादीवर बसून बोलली असती.

दुसरं ठिकाण म्हणजे ‘पण ते असो’.

चार पानांत तू पद्मालयच्या पायऱ्या सांगितल्यास, गाडीवाल्याचं भाडं सांगितलंस, तिकिटाचे किती झाले तेही सांगितलंस. चाळीस हजारांना मात्र अर्ध वाक्य, आणि त्याच्यावरही ‘असो’चं झाकण. मला वाटतं पत्र तिथंच आहे. तिला वाईट वाटेल म्हणून विषय काढला नाही, असं तू लिहितेस. खरं असेल. पण थोडं असंही असेल का, की विषय काढला तर आपल्या तोंडून चाळीस हजार निघतील, याची तुला भीती वाटत होती? ही भीती वाईट नाही. पण सोळा-सतरा वर्षं तुम्ही तिघी ज्या गोष्टीला आपला समजूतदारपणा समजलात, ती तिच्या बाजूनं कशी दिसत असेल याचा विचार कर. तुझ्या वडिलांचे पैसे गेले हे तिला माहीत आहे. पिग्मी गोळा करणाऱ्या माणसाच्या घरात कुणाचे किती गेले हे पाठ असतं, पोरीबाळींनासुद्धा. म्हणजे तिला माहीत आहे, तुला माहीत आहे, आणि तू कधीच काही बोलत नाहीस. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल हे ती कसं ठरवणार? आणि मग अंधारात पडदाच मोठ्यानं सांगतो की म्हाताऱ्यानं खाल्ले, आणि तिच्या शेजारची रांग हसते.

आता जरा पिग्मीविषयी, कारण तुमच्या मुलांना हा शब्द सांगूनही कळणार नाही. दारोदार जाऊन रोज दोन-चार आणे गोळा करायची ही पद्धत उडुपीकडच्या बँकेनं १९२८ साली सुरू केली, ती विणकर-मजुरांसाठी. ज्याला बँकेच्या पायरीची भीती वाटते, त्याच्याकडे बँकच चालत गेली. आपल्याकडे पतसंस्थांनी ती उचलली आणि गावोगाव असा एक माणूस तयार झाला, सायकल नाहीतर लुना, खांद्याला रेक्झिनची पिशवी, खिशात दोन पेनं. माझी आई शिवणकाम करायची. चारच्या सुमारास आमचे पिग्मीवाले काका यायचे. मशीनच्या खणात एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड असे, त्यावर महिन्याच्या तारखांचे चौकोन. आई पाच रुपये द्यायची, काका त्या दिवसाच्या चौकोनात निळ्या शाईनं एवढीशी सही करायचे, पाणी प्यायचे, पुढच्या घरी. आईचे पाच रुपये नसले तर म्हणायचे, ‘राहू द्या वहिनी, उद्या दहा लिहू.’ आमच्या गल्लीत घड्याळं कमी होती, काका आले की चार वाजायचे.

या माणसाला मिळायचं काय? गोळा केलेल्या पैशावर शेकड्यामागे थोडंसं कमिशन. संध्याकाळी रक्कम संस्थेत भरायची, हिशेब द्यायचा, घरी जायचं. कर्ज कुणाला द्यायचं, तारण काय घ्यायचं, कुणाच्या मेहुण्याला बिनतारणी द्यायचं, या बैठकीत त्याला कुणी चहा द्यायलाही बोलावत नसे. ते संचालक मंडळाचं काम. संस्था बुडाली की सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी होते आणि नुकसान कुणी केलं ते ठरवून वसुली लावतात, तीही संस्थेचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांच्यावर. निदान कागदावर तसं आहे. आणखी एक. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या ठेवींना विमा नसतो. तुझ्या वडिलांनी तेच चाळीस हजार बँकेत ठेवले असते आणि ती बँक बुडाली असती, तर त्या वेळच्या नियमानं एक लाखापर्यंतची ठेव विम्यातून परत मिळाली असती. २०२० पासून ती मर्यादा पाच लाख आहे. हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक होतं? बोर्डावर मोठ्या अक्षरात नाव आणि आत हसणारा ओळखीचा माणूस, एवढंच बघून लोक पैसे ठेवत. अण्णांनाही ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

पिग्मीवाले सगळेच साधू असतात असं मी म्हणत नाही. कार्डावर सही एक आणि संस्थेत भरणा दुसरा, असं करणारेही असतात. तुझ्या मैत्रिणीचे वडील कसे होते हे मी इथं बसून सांगू शकत नाही. पण पोलिसांनी तीन दिवस विचारून सोडून दिलं, हे तूच लिहिलंयस.

रहस्यपटाचं एक तंत्र असतं. खुनी पहिल्या पंधरा मिनिटांत दिसला पाहिजे आणि कुणाला त्याचा संशय येता कामा नये. म्हणून लेखक सगळ्यात गरीब, सगळ्यात वाकलेला माणूस निवडतो. सायकलवरचा म्हातारा त्यासाठी अगदी सोयीचा. त्यात लेखकाचा काही द्वेष नाही, कारागिरी आहे. पण बुडालेल्या पतसंस्थेच्या गावात नेमकं उलटं घडतं. तिथं पहिला संशय त्याच म्हाताऱ्यावर जातो, कारण लोकांनी त्याच्याशिवाय कुणाला पाहिलेलंच नसतं. पैसे त्याच्या हातात दिले, सही त्याची, पाणी त्याला पाजलं. संचालकांच्या घराला कंपाउंड होतं, फाटक होतं, आत कुत्रा होता. अण्णांच्या घराचं दार सरळ रस्त्यावर उघडत होतं, मग लोक तिथं गेले. ती हे सगळं एकदा जगली आहे. सिनेमात तेच तिला पुन्हा बघावं लागलं, आणि या वेळी शेवटी म्हातारा खरोखरच चोर निघाला.

पुण्याचीला मात्र तू खलनायिका करू नकोस. ती १९९८-९९ च्या सुमारास गाव सोडून गेली असं तुझ्या पत्रावरून दिसतं, २००८ चं तिला ऐकूनच माहीत. अंधारात मोठ्यानं काहीतरी बोलायचं आणि चौघींना हसवायचं ही तिची शाळेपासूनची खोड असणार. लेडीज सीटवर बसून आपण सगळ्यांनीच ते केलंय. तिला तू फोन कर, आणि स्पष्ट सांग, ‘अगं, तिचे अण्णा पिग्मीचंच काम करायचे, आठवतंय का?’ बहुतेक ती पाच सेकंद गप्प होईल. ‘तिनंच एवढं मनावर घ्यायला नको होतं’ हे ती आठवण्याच्या आधी बोलली आहे. मग ती लगेच म्हणेल, मी फोन करते तिला. तेव्हा तिला थांबव. आधी तू जाऊन ये, मग तिनं करावा. तीन आठवड्यांनी अचानक पुण्याहून रडका फोन आला, तर पारोळ्याचीला तिचीच समजूत घालत बसावं लागेल.

तुझ्या मिस्टरांचं म्हणणं, खपली काढू नये. पुरुषमाणसं हे प्रेमानं म्हणतात. पण खपली धरलीय की आत अजून ओलं आहे, हे त्यांना कुठून माहीत? रात्री पाहुणी म्हणून आलेली बाई, मुक्कामाची पिशवी बरोबर असताना, हिवाळ्यात रात्री साडेनऊला महामंडळाच्या गाडीनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर परत जाते. मला तरी ती खपली वाटत नाही.

तर आता काय करायचं? मी सांगते ते जमेल तसं कर, पण क्रम बदलू नकोस.

पारोळ्याला जायच्या आधी अमळनेरला जा. तुझे वडील भावाकडे असतात, चौऱ्याऐंशीचे आहेत, बोलणं नीट आहे, असं समासात बारीक अक्षरात लिहिलंयस. जळगावहून सकाळची सुरतकडे जाणारी, अमळनेरला थांबणारी गाडी घे आणि त्यांच्यासमोर बस. चाळीस हजारांचं काय झालं ते त्यांना विचार. रोज पैसे न्यायला येणाऱ्या त्या माणसाबद्दल त्यांना काय वाटत होतं ते विचार. तुमचं किराणा दुकान होतं, म्हणजे अण्णा तिथं रोज टेकत असणार, दुकानदार आणि पिग्मीवाला यांची ओळख वर्षानुवर्षांची असते. संस्था बुडाल्यावर तुझे वडील त्यांच्या दारात गेले होते का? गेले असतील तर काय बोलले? अण्णा वारले तेव्हा कुणी गेलं का तुमच्या घरून? मला यातलं एकही उत्तर माहीत नाही आणि अंदाजही करणार नाही. कदाचित ते म्हणतील, त्यानं बुडवले. कदाचित म्हणतील, तो बिचारा स्वतःच बुडाला. प्लॉट विकून ज्यांचे फेडले त्यांत तुमचं घर होतं की नव्हतं, हेही त्यांनाच ठाऊक असेल. जुन्या दुकानदारांकडे जुनी पासबुकं, जुनी कार्डं असतात, ती टाकवत नाहीत. असली तर बघायला माग.

हे आधी का? कारण पारोळ्याला तू ‘आमच्या मनात अण्णांबद्दल काही नाही’ असं म्हणायला जाशील, आणि ते खरं आहे की नाही हे आत्ता तुलाच माहीत नाही. खोटं बोललीस तर तिला कळेल. दहा-अकरा वर्षांच्या असल्यापासून ओळखता एकमेकींना. मनात काही असलं तरी जा. ‘आमचे चाळीस हजार गेले, बाबा बरेच दिवस चिडलेले होते, आम्ही तुझ्याशी ते बोललो नाही’ असं सांगता येतं. ते ऐकायला कडू आहे, पण गप्प राहण्यापेक्षा तिला ते बरं वाटेल. इतकी वर्षं ती तुमच्या मनातलं अंदाजानं वाचत आली आहे, आणि माणूस अंदाज नेहमी जास्तीच वाईट करतो.

मग तिथूनच पारोळ्याची एसटी पकड. वीसेक किलोमीटर, जेवायच्या वेळेला पोचशील. एकटी जा. चौघींनी मिळून सरप्राइज द्यायला जाऊ नका, तिच्या सासूसमोर, जावांसमोर ते नाटक होईल आणि तिला हसावं लागेल. ‘डबा द्यायला येतेय’ असा आदल्या दिवशी फोन कर. मेसेज नको. फोन उचलला नाही तरी जा. डबा परत करायला कुणी परवानगी मागत नाही.

तिथं गेल्यावर सिनेमाचा विषय तू काढू नकोस. तिनं काढला तर काढू दे, चिडली तर चिडू दे, त्या रांगेत तू हसलीस हे तिनं ऐकलं असेल तर ‘हो, मी हसले’ म्हण. ‘तसं नव्हतं गं’ म्हणू नकोस, हसलीस ते हसलीस. तू फक्त अण्णांचं विचार. कुठून सुरुवात करायची हे तिनंच सांगून ठेवलंय, भरितापासून. शेंगदाणे का चालत नसत? दाताखाली यायचे म्हणून, की त्यांच्या आईची रीत तशी होती? दिवसभर सायकल मारून आल्यावर जेवायला काय लागायचं? शेवटची पाच-सहा वर्षं घरी बसून काय करायचे? प्लॉटचं खरं का? हा प्रश्न शेवटी, आणि तिचा सूर बघूनच. नाही विचारलास तरी चालेल. तुला चौकशी अधिकारी म्हणून पाठवत नाहीये मी.

काही बोललीच नाही, चहा पाजून वाटेला लावलं, तर? तर परत ये. पण एक कर, निघताना म्हण, ‘अण्णांचा फोटो कुठंय?’ घरात कुठंतरी असेलच, नाही तर तिच्या मोबाइलमध्ये असेल. तो बघ, नमस्कार कर, निघ. ते वारले तेव्हा तुम्ही तिघींपैकी कुणी भेटायला गेलं होतं का, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि तुझ्यासारखी बाई गेली असती तर लिहिलं असतं. म्हणजे ती भेट अजून बाकीच आहे.

ग्रुपवर यातलं काही लिहू नकोस, गेल्याचंही नाही. ती लिहील तेव्हा लिहील. आणि पुढच्या वेळी चौघी जमाल तेव्हा माझं ऐका, सिनेमा सकाळचा बघा. रात्री सिनेमा संपला की दिवे लागतात आणि लगेच गाडीची वेळ होते, पाहिलेलं पचवायला एक कप चहाची सुद्धा सवड मिळत नाही. बारापर्यंत सिनेमा उरका, मग मळा गाठा, मग काय रडायचं-भांडायचं ते वांगी भाजताना होतं. धुराच्या नावावर खपतंही.

राहिला डबा. तो तू धुऊन फडताळात ठेवला असशील, आणि रिकामा डबा परत देत नाहीत हे तुला मी सांगायला नको. संक्रांत तोंडावर आहे म्हणून तिळाचे लाडू भरू नकोस, ‘गोड बोला’ असं सांगायला आल्यासारखं होईल, आणि या घटकेला गोड बोलायचं ओझं तिच्यावर नको. सकाळी अमळनेरला पोचलीस की भावाच्या अंगणात चार वांगी भाज. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, वरून कोथिंबीर. वडिलांना चव दाखव, मीठ बरोबर आहे का ते विचार. मग तिच्याच डब्यात भर, झाकण घट्ट लाव, एसटीत मांडीवर घेऊन बस.

शेंगदाणे घालू नकोस.